आजपुरती भाकर: देवाच्या प्रेमावर रोज भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं

१९९७ सालच्या पावसाळ्यात आमच्या ह्यांच्या कारखान्याच्या गेटला नोटीस लागली. घरात दोन मुलं, डोक्यावर फ्लॅटचा हप्ता, आणि कमाई म्हणाल तर माझा बालवाडीतला पगार. त्या वर्षी मी जेवढी प्रार्थना केली तेवढी आधी कधी केली नव्हती, आणि देवाचा जेवढा संशय घेतला तेवढाही कधी घेतला नव्हता. आठवड्याभरात राहुरीकडून आई आली, बाजरीचं अर्धं पोतं घेऊन. मी म्हटलं, सगळी एकदम दळून ठेवते, दर दोन दिवसांनी गिरणीत कोण जाणार? ती म्हणाली, "नको गं. बाजरीचं पीठ कडू होतं. लागंल तेवढंच दळावं."

मग दर तिसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन, पत्र्याचा डबा कडेवर धरून ती गिरणीत जायची. देवाविषयी एक अक्षर बोलली नाही. भाकरी थापायची, वाढायची, आणि मी उद्याचा हिशोब मांडायला बसले की म्हणायची, "आजचं झालं ना?"

पुढे बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा सोळावा अध्याय वाचताना मला तो डबा आठवला. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटून रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना नावाचं अन्न मिळायचं. धण्यासारखा बारीक, पांढरा, चवीला मधातल्या पोळीसारखा. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, तेवढाच गोळा करायचा. ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचा, कारण सातवा विसाव्याचा. असं चाळीस वर्षं चाललं. येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हणतो ना, त्यातल्या 'रोजची' आणि 'आज' या दोन शब्दांवरून आपण किती भरधाव निघून जातो!

आमच्या चर्चमधल्या गुरुवारच्या बहिणींच्या सभेत गेली अठरा वर्षं एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकते: "देवाचं प्रेम आहे हे डोक्याला पटतं, पण भरवसा वाटत नाही, काय करू?" बहुतेकींना वर्षभर पुरेल इतका विश्वास एकदम भरून हवा असतो, कन्व्हेन्शनला जाऊन पोतं भरून आणल्यासारखा. तो महिन्याभरात कडू होतो. भरवसा आजपुरताच मिळतो आणि आजपुरताच वापरायचा असतो. तो कसा, ते सांगते. सगळं एकदम सुरू करू नका.

आधी मनातला देव तपासा

एक साधी वही घ्या. अलीकडे घडलेली एखादी वाईट गोष्ट आठवा: मुलाचे मार्क, रक्ताचा रिपोर्ट, स्कूटर घसरली ती. बातमी कळली त्या क्षणी मनात पहिलं वाक्य कोणतं आलं? "मी काय पाप केलं?" "दोन रविवार उपासना चुकवली म्हणून." "कमाईतला दहावा हिस्सा, दशांश, थकला म्हणून." जसं आलं तसं लिहा, सुधारू नका. त्या वाक्यात जो देव दिसतो त्याच्याशी तुमचा रोजचा व्यवहार चालतो. उपासनेत विश्वासांगीकार म्हणताना उभं राहून ज्याचं नाव घेतो तो रविवारपुरता.

सभेत हे करून घेतलं तेव्हा निम्म्याजणींच्या वहीत फौजदार निघाला, उरलेल्यांच्या वहीत सावकार. माझ्या वहीतही सावकारच होता, आणि व्याजाला फार पक्का.

यावर बायबलमधले दोन उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचा, नावापुढचा आकडा अध्यायाचा. योहान ९: जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. लूक १३: शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली होती. ती बाकीच्यांहून जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हांला, असं येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणून सांगतो. पुढे तो पश्चात्तापाचं बोलतो, ते खरं. पण पडलेल्या बुरुजावरून मेलेल्यांचा हिशोब काढायला तो तयार नाही. आपण मात्र शेजारणीच्या घरी काही झालं की दहा मिनिटांत कारण शोधून मोकळे होतो.

दुसरी अडचण नवसाची. ती आपल्या मातीतली आहे, बाप्तिस्म्याच्या पाण्यानं निघत नाही. आपण नवस म्हणत नाही एवढंच. "पोराला नोकरी लागली तर मंदिराला पंखा देईन." कित्येक मंडळ्यांतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पंख्यांच्या पात्यांवर दात्यांची नावं रंगवलेली असतात, आणि लांबलेल्या उपदेशात ती वाचण्यात माझे बरेच रविवार गेले आहेत. देणं वाईट नाही. पण 'तू हे कर, मग मी ते करीन' या बोलीवर बाप-लेकराचं नातं चालत नाही. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय सांगतो तो क्रम उलटा आहे: प्रेम आधी त्यानं केलं, आपलं नंतर.

यासाठी एक अभ्यास. लूक १५ मधला, बापाकडून घेतलेला वाटा उधळून कंगाल झालेला धाकटा मुलगा डुकरांत बसून बापाला काय म्हणायचं ते पाठ करतो. एक, मी पाप केलं. दोन, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही. तीन, मला तुझ्या एका मोलकऱ्यासारखं ठेव. घरी पोचल्यावरचं बोलणं नीट वाचा. पहिली दोन वाक्यं होतात, तिसरं येतच नाही. बाप मध्येच नोकरांना झगा आणायला सांगतो. आता वहीत आपलं तिसरं वाक्य लिहा, म्हणजे देवानं आपल्याला ठेवून घ्यावं म्हणून आपण मनात जी मोलमजुरी कबूल केलेली असते ती. "मी सगळ्यांचं करते, तेवढ्यासाठी तरी." माझं वाक्य हे होतं. लिहून झालं की त्यावर आडवी रेघ मारा. पुढल्या आठवड्यात ते परत उगवेल. परत रेघ मारा.

पंधरा मिनिटं

मान्ना ऊन तापलं की वितळायचा, म्हणून तो सकाळी वेचायचा. तुमची 'सकाळ' कुठली ते तुम्ही ठरवा. आमच्याकडे साडेपाचला पाणी येतं, सातला डबे निघतात. त्यात मौन-मनन वगैरे शक्य नाही. माझी पंधरा मिनिटं सव्वासातला, सगळे गेल्यावर, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. एक बहीण चिंचवड ते शिवाजीनगर लोकलमध्ये वाचते. पहाटे चारला उठणाऱ्यांच्या साक्षी ऐकून अपराधी वाटून घेऊ नका. वेळ आणि जागा मात्र ठरलेली हवी, नाहीतर रोज 'कधी बसू' हे ठरवण्यातच दम संपतो. मोबाईलवर शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत असाल तर नेट बंद करा. मी छापील पुस्तकच घेते, कारण मोबाईलवर स्तोत्र उघडलं की वरून नणंदेचा गुड मॉर्निंगचा गुलाब उगवतो.

काय वाचायचं? पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करू नका. दर जानेवारीत उत्साहानं निघालेली मंडळी फेब्रुवारीत लेवीय या पुस्तकातल्या होमार्पणांत अडकलेली मी पाहिली आहे. मार्काचं शुभवर्तमान घ्या, येशूच्या चरित्राचं पुस्तक. १६ अध्याय, रोज एक, सोळा दिवस. मग लूकचे २४. सोबत रोज एक स्तोत्र. मोठ्यानं वाचा, निदान ओठ हलवून. जुन्या भाषांतरातले शब्द अडले तर सोपी आवृत्ती जवळ ठेवा, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून भाषांतर करण्यात घालवली ती याचसाठी, साध्या बायाबापड्यांना शास्त्र त्यांच्या बोलण्यातल्या मराठीत कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हे काम चालू होतं.

वाचायची एक जुनी रीत आहे. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या मठवाशानं तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचणं, चघळणं, बोलणं, गप्प राहणं. करून दाखवते.

योहान २१ घेऊ. शिष्य रात्रभर जाळं टाकतात, हाती काही लागत नाही. काठावर येशू उभा. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. तो म्हणतो, या, न्याहारी करा. एवढंच दोनदा वाचा. आता चघळा. कुठला शब्द अडतो? मला 'कोळशाचा' अडला. कोळशाचा विस्तव आधी कुठे आला होता? अठराव्या अध्यायात, येशूला पकडून नेल्यावर, महायाजकाच्या वाड्यात, थंडीत पेत्र हा शिष्य शेकत उभा होता आणि तिथे त्यानं 'मी त्याचा शिष्य नाही' म्हणून येशूला नाकारलं होतं. म्हणजे ज्या वासाबरोबर पेत्राला आपली लाज आठवणार, त्याच वासाच्या विस्तवावर येशूनं त्याच्यासाठी मासळी भाजली. आणि जाब विचारण्याआधी जेवू घातलं. प्रश्न येतात ते न्याहारी झाल्यावर. आता बोला: प्रभू, माझा कोळसा कुठला ते तुला ठाऊक आहे. मग दोन मिनिटं गप्प. चहा गार होईल, होऊ द्या.

रोज असं काही सापडत नाही. दहातल्या सात दिवशी मला काहीच सापडत नाही. त्या दिवशी एक ओळ वहीत उतरवायची आणि उठायचं.

प्रार्थनेत खरं बोला

ज्यांना शब्द सुचत नाहीत त्यांनी प्रभूची प्रार्थना घ्यावी आणि दिवसाला एकच ओळ धरावी. सोमवारी फक्त 'आमच्या स्वर्गातील पित्या'. भांडी घासताना तेवढंच.

ज्यांना शब्द फार सुचतात त्यांची अडचण मोठी. आपल्याकडे प्रार्थनेची एक खास भाषा तयार झाली आहे, 'हे प्रेमळ दयाळू पवित्र पित्या, आम्ही तुझे उपकारस्तवन करितो', आणि त्या भाषेत 'मला नवऱ्याचा राग आलाय' हे वाक्य बसतच नाही. स्तोत्र १३ काढा. सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. तू मला विसरलास का, असं स्तोत्रकर्ता दावीद राजा तोंडावर विचारतो, आणि तेच स्तोत्र दयेवर भरवसा ठेवून, गात संपतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. तरी ते शास्त्रात आहे. कुरकुर त्याच्याकडे करायची सवय लागली की ती शेजारणीकडे कमी होते, हा माझा अनुभव.

वहीत प्रार्थनेचं पान ठेवा: तारीख, विषय, आणि समोर जागा मोकळी. पुढे त्या जागेत 'झालं' लिहाल, 'वेगळ्या रीतीनं झालं' लिहाल, आणि काहींपुढे 'नाही' असंच लिहावं लागेल. ते 'नाही' खोडू नका. माझ्या जुन्या वहीत पाच-सहा आहेत. एकाचं कारण मला आजही कळलेलं नाही.

आणि शब्द अगदीच आटले तर गा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण ओवी, अभंग आणि भजनाची चाल मागे टाकून आले नाहीत. म्हणून 'उपासनासंगीत' या आमच्या गीतसंग्रहातली त्यांची पदं पेटी-तबल्यावर, झांजेवर अशी बसतात की आईच्या तोंडून ऐकल्यासारखी वाटतात. एक कडवं पाठ करा. बसस्टॉपवर उपयोगी पडतं.

रात्री पाच मिनिटं

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची रीत घालून दिली. तिच्यात पापांची यादी पहिली येत नाही, आभार पहिले येतात. आमच्या सभेत ती अशी झाली आहे: अंथरुणात पडल्यावर दिवस सकाळपासून उलगडायचा. कुठे देवाचा हात दिसला? कुठे मी तोंड फिरवलं? उद्या कुठे मदत लागेल? एवढंच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अगदी बारीक चालेल. "रिक्षावाल्यानं सुट्टे परत दिले" हे माझ्या वहीत आहे. बरेचदा दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचण्याआधी झोप लागते. लागू द्या.

चूल, ऑफिस, पाकीट

इथे थोडक्यात सांगते, कारण यातलं बहुतेक सगळ्यांना माहीत असतं, फक्त करायचं राहतं. आठवड्याला एकच गोष्ट धरा. एक आठवडा जीभ: जो समोर नाही त्याच्याविषयी बोलायचं नाही. (माझा विक्रम मंगळवारी दुपारपर्यंतचा आहे.) एक आठवडा बिलं: खोटं व्हाउचर नाही. एक आठवडा पैसा: आई रोज धान्य काढताना एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची, महिन्याअखेर ते गरजूच्या घरी जायचं. मला ती मूठ दशांशापेक्षा जास्त शिकवून गेली, कारण ती रोज टाकावी लागायची, भरल्या दिवशीही आणि खडखडाटातही. तुम्ही रोज दहा रुपये डब्यात टाका.

एक गोष्ट मात्र टाळून पुढे जाऊ नका. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा आहे का? आपल्यातल्या पुष्कळ घरांत आहे. लग्न जमवताना 'ख्रिस्तीच, पण मूळचे कोण?' हे विचारणारे आपणच. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा नवऱ्यानंतर पाच वर्षांनी झाला, पण त्याआधीच त्यांनी जात माणसांनी केलेली आहे असं मनाशी ठरवून सोवळं सोडलं होतं. आपण बाप्तिस्मा आधी घेतला आणि कप अजून वेगळाच ठेवला. देवाच्या प्रेमावर भरवसा आहे की नाही हे मला विचाराल तर मी आधी तुमच्या मोरीवरच्या फळीकडे बघेन. मावशींना आपल्या कपात चहा द्या, आणि उभ्यानं नको, बसायला सांगून.

ऋण सोडणं

आमच्या मराठी शास्त्रात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायातल्या प्रभूच्या प्रार्थनेत, पापाला 'ऋण' म्हटलं आहे. आम्ही आमच्या ऋणी लोकांना सोडलं तसं तू आम्हांला सोड. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण क्षमा न करणारा माणूस उधारीची वही जवळ बाळगतो.

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या चार तोळ्यांच्या पाटल्या धाकट्या जावेनं ठेवून घेतल्या. दोघींत वाटायच्या असं त्या सगळ्यांसमोर बोलून गेल्या होत्या. वर कारखाना बंद पडलेला तो काळ, मला एका पाटलीत वर्षभराचे हप्ते दिसत होते. मी भांडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी चांगली ख्रिस्ती सून म्हणून गप्प बसले आणि वही उघडली. पुढे प्रत्येक लग्नात तिचा हात दिसायचा. ती पोळ्या लाटायला बसली की पाटल्या मनगटावरून खाली सरकायच्या, ती त्या कोपराकडे ढकलायची, परत सरकायच्या. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, सातच्या सत्तर वेळा. वर्षानुवर्षं मला वाटायचं हे चारशे नव्वद वेगवेगळ्या अपराधांविषयी आहे. जावेनं अपराध एकच केला, मला तो चारशे नव्वद वेळा सोडावा लागला. तेव्हा रीत अशी:

नेमकं काय येणं आहे ते लिहा. 'तिनं मला फार दुखावलं' असं मोघम नको. दोन तोळे. आणि एक वाक्य: 'वहिनी, यातली एक तुमची.' हे वाक्य मला हवं होतं, पाटलीपेक्षा जास्त. ते कधीच मिळणार नाही हे मान्य करा, आणि रडा. मग देवासमोर मोठ्यानं म्हणा: हे येणं मी सोडलं. पुढच्या लग्नात पाटल्या सरकल्या की पुन्हा म्हणा, तिथेच, पोळपाटासमोर, मनातल्या मनात. त्या व्यक्तीसाठी एक बारीक चांगली गोष्ट मागा. मी सुरुवात 'तिची सांधेदुखी कमी कर' इथून केली, आणि खरं सांगायचं तर निम्मं मन नव्हतं.

इथे एक ताकीद. ऋण सोडणं म्हणजे मार खात राहणं नाही. नवरा हात उचलत असेल, घरात कोणी लेकरावर वाईट नजर ठेवत असेल, तर 'सहन कर, प्रार्थना कर' हा सल्ला चर्चच्या पाळकांनी दिला तरी ऐकू नका. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. आधी सुरक्षित जागा. क्षमेचं नंतर, लांबून, सवडीनं.

झोप, गोळ्या आणि विश्वास

'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. तो झोपतो, दूत उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, दूत पुन्हा खायला देतो. देवाशी बोलणं होतं ते पुढे, होरेब डोंगराला पोचल्यावर. भरवसा वाटेनासा झाला की आधी बघा: चार रात्री नीट झोप झाली का? उपाशी आहात का? आठवड्यातला एक दिवस खरंच विसावा आहे, की रविवारीही उपासनेनंतर पंधरा माणसांचं बिर्याणीचं पातेलं?

आणि कुणी प्रार्थना करून 'आता गोळ्या बंद कर' म्हटलं तर त्यांना नमस्कार करून घरी या आणि गोळी घ्या. शुगरची, बीपीची, क्षयाची, मनाच्या आजाराची, कुठलीही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, आणि प्रेषित पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, विश्वास कमी पडतोय असं म्हटलं नाही. मन फारच खचत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. त्यावर फोन करणं हीसुद्धा रोजची भाकर मागणंच आहे.

मंडळीत राहा, डोळे उघडे ठेवून

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पेस्टोरेट कमिटीची निवडणूक, मिशनच्या जागेचा वाद, स्नेहभोजनात रस्सा कमी पडला म्हणून रुसलेले वडीलधारे, हे सगळं मी पाहिलं आहे. तरी सांगते, एकट्यानं घरात टीव्हीवरचे उपदेश ऐकून भागत नाही. टीव्हीवरचा उपदेशक तुमच्या दारात डबा घेऊन येत नाही. नोटीस लागली त्या महिन्यात ज्या बाईशी माझं हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावात, एका कोंबडीवरून, वाजलं होतं, तीच आमच्या मुलांच्या वह्या घेऊन आली.

उपासनेला जा. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी, चुकवू नका. ज्या रविवारी विश्वास अजिबात नसतो त्या रविवारी तर नक्कीच, कारण तिथे तो तोंडात हातानं दिला जातो. कॅथलिक असाल तर मिस्सेतही हेच. एवढ्या मोठ्या मंडळीत एकच माणूस असा शोधा ज्याला 'मी या आठवड्यात प्रार्थना केली नाही' हे सांगता येईल.

कोरडे दिवस

ते येतातच. गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात लोक मान्न्याला विटतात. त्यांना मिसरातल्या काकड्या, खरबुजं, कांदे आणि लसूण आठवतात. मला हा उतारा वाचताना त्यांचा राग येत नाही. रोज तेच ते, आणि फोडणी नाही!

अशा दिवसांत नेम मोडू नका, लहान करा. पंधरा मिनिटांची तीन करा. स्वतःचे शब्द सोडून द्या, स्तोत्र २३ वाचा आणि उठा. मार्काच्या नवव्या अध्यायातल्या बापाची प्रार्थना घ्या: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मदत कर. आणि कुणाच्या तरी घरी जा, आजारी असेल त्याच्या. आपल्यातलं आटलेलं कधीकधी दुसऱ्याच्या उशाशी बसल्यावर सापडतं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. त्यांनीच पुढे लिहून ठेवलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी आठेक वर्षं गेली. त्या आठ वर्षांत त्यांनी विधवांसाठी शारदासदन उघडलं होतं. मला ही गोष्ट फार धीर देते.

ह्यांना अकरा महिन्यांनी भोसरीत एका लहान वर्कशॉपमध्ये काम लागलं, पगार आधीच्या निम्मा. आई त्याच आठवड्यात परत निघाली. पोत्याच्या तळाशी दोनेक किलो बाजरी उरली होती. मी म्हटलं, आज गिरणीत टाकून येते, म्हणजे संपेल एकदाची. ती पिशवी भरता भरता डब्यात डोकावली, आतलं पीठ बोटावर घेऊन चाखलं आणि झाकण लावलं. "आज नको," म्हणाली. "उद्यापुरतं आहे. परवा जा."